बोट ठेवा ओळीवर

नवोदयच्या प्रवेश परीक्षेत 80 प्रश्न असतात. त्यातल्या 20 प्रश्नांची उत्तरे त्याच पुस्तिकेत, प्रश्नांच्या वरच छापलेली असतात. त्यांना पाठांतर लागत नाही आणि सूत्रही लागत नाही. तरीही कर्जत-खालापूरकडच्या पाचवीच्या मुलांना घेऊन संध्याकाळी बसू लागलो, तेव्हा गुण गळताना मला दिसले ते नेमके याच 20 प्रश्नांत. भागाकार बिनचूक करणारी मुले उताऱ्यावरच्या पाच प्रश्नांत दोन चुकायची. घरी विचारले की उत्तर यायचे, ‘मराठीच तर आहे, त्यात काय शिकवायचं?’ या वाक्यामुळे मुलांचे फार नुकसान होते. म्हणून हा लेख पालकांसाठी आहे, आणि वाडीवस्तीवरच्या शाळेत एकट्याने दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठीही.

आधी परीक्षेचे स्वरूप थोडक्यात. सहावीच्या प्रवेशासाठीची ही परीक्षा पाचवीत असताना, एकदाच देता येते. रायगड जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. अर्जाला पैसे पडत नाहीत. परीक्षा दोन तासांची, 100 गुणांची. मानसिक क्षमतेचे 40 प्रश्न 50 गुणांना, अंकगणिताचे 20 प्रश्न 25 गुणांना आणि भाषेचे 20 प्रश्न 25 गुणांना. भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न. म्हणजे हा भाग सगळाच वाचून समजण्याचा आहे. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा मराठीतून देता येते. किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. कर्जत, खोपोली, माथेरान इथे नगरपरिषदा आहेत, तेव्हा मुलाची शाळा कोणत्या हद्दीत येते ते अर्ज भरण्याआधीच मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

उताऱ्यांच्या सरावाला बसवण्यापूर्वी एक गोष्ट तपासा, आणि ती प्रामाणिकपणे तपासा. मुलाला दुसरीच्या पुस्तकातला एखादा न वाचलेला धडा मोठ्याने वाचायला सांगा. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत मुलांचे वाचन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी तपासतात. तुमचे मूल गोष्टीच्या पायरीवर आहे का, एवढेच पाहायचे. ते अडखळत असेल, एकेक शब्द सुटा म्हणत असेल, तर सराव-पुस्तिका कपाटात ठेवून द्या. ज्याची सगळी शक्ती जोडाक्षर फोडण्यात जाते, त्याला वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याची सुरुवात आठवत नाही. अशा मुलाला दोन महिने नुसते वाचू द्या, रोज पंधरा मिनिटे, मोठ्याने, आणि ऐकायला कोणीतरी समोर हवे. आजीला वाचता येत नसले तरी चालेल. ‘मग पुढं काय झालं?’ एवढे तिने विचारले की काम झाले.

आता ज्यांना वाचता येते, त्यांच्याकडे वळू. ही मुले का चुकतात, हे मला एका पोपटीने शिकवले.

थंडीत आपल्याकडे शेतावर पोपटी लागते आणि परीक्षाही अलीकडे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते. मुलांना ओळखीचा विषय द्यावा म्हणून मी एक उतारा लिहिला होता. तो असा:

‘पोपटीसाठी वालाच्या भरलेल्या पण कोवळ्या शेंगा निवडतात. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरतात. मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा त्यावर भरतात. मडक्यात पाणी मुळीच घालत नाहीत. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच त्या शिजतात. मडक्याचे तोंड पाल्याने गच्च बंद करतात, मग ते जमिनीवर पालथे ठेवून भोवती पेंढा आणि सुकी लाकडे रचून पेटवतात. काही वेळाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. थेंब चर्र आवाज करून क्षणात नाहीसे झाले, की विस्तव बाजूला सारतात.’

पहिला प्रश्न होता, उताऱ्यानुसार मडक्यात काय काय घालतात? पर्याय चार होते. एकात ‘पाला, शेंगा, मीठ, ओवा’ आणि दुसऱ्यात ‘शेंगा, बटाटे, अंडी, मीठ’. बहुतेक मुलांनी दुसरा पर्याय निवडला. का? कारण त्यांच्या घरच्या पोपटीत बटाटे असतात, अंडी असतात, कधी कोंबडीही असते. त्यांना पोपटी उत्तम माहीत होती. उतारा त्यांनी वाचला खरा, पण उत्तर दिले ते शेतावरच्या आठवणीतून. ज्यांनी पोपटी कधी पाहिली नव्हती अशी दोन शहरातून आलेली मुले मात्र बरोबर निघाली. त्यांना उताऱ्याशिवाय दुसरा आधारच नव्हता.

तेव्हापासून मी मुलांना एकच नियम सांगतो. उत्तर सांगण्याआधी त्या ओळीवर बोट ठेवायचे. बोट ठेवता आले नाही, तर ते उत्तर अजून तुमचे नाही. परीक्षेत ‘तुला काय माहीत आहे’ असे विचारलेले नसते. ‘या आठ ओळींत काय लिहिले आहे’ एवढेच विचारलेले असते. पाचवीतल्या मुलाला हा फरक सांगून कळत नाही, बोटाने कळतो.

त्याच उताऱ्यावरचा दुसरा प्रश्न: मडक्यावर पाणी कशासाठी शिंपडतात? ‘शेंगा शिजवण्यासाठी’, ‘विस्तव विझवण्यासाठी’, ‘पोपटी झाली का ते पाहण्यासाठी’, ‘मडके धुण्यासाठी’. इथे उत्तर एका ओळीत सरळ लिहिलेले नाही. पुष्कळ मुलांना ‘पाणी’ आणि ‘विस्तव’ हे शब्द जवळजवळ दिसले आणि त्यांनी विझवण्यावर खूण केली. चार थेंबांनी विस्तव विझेल का, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. अशा प्रश्नाला दोन बोटे लागतात. एक ‘चार थेंब शिंपडतात’वर आणि दुसरे ‘नाहीसे झाले, की विस्तव बाजूला सारतात’वर. मग मुलाला विचारायचे, ‘या दोन ओळी जोडल्या की काय होतं?’ थेंब उडून गेले म्हणजे मडके पुरते तापले, म्हणजे आतले शिजले. मूल हे स्वतःच्या तोंडाने बोलले पाहिजे. तुम्ही सांगितलेत तर सराव तुमचा झाला, त्याचा नाही.

तिसरा प्रश्न ‘पालथे’ या शब्दाचा अर्थ विचारणारा होता: आडवे, उपडे, तिरके, उभे. अर्थ माहीत नसला तरी उतारा तो सांगतो. मडक्याचे तोंड आधी पाल्याने गच्च बंद केले आहे. ते कशासाठी, याचा विचार केला की हाताची मूठ उलटी करून मुले म्हणतात, ‘सांडू नये म्हणून!’ अनोळखी शब्दावर थांबून रडवेले होण्याऐवजी त्याच्या मागची आणि पुढची ओळ पुन्हा वाचायची, ही सवय एका दिवसात लागत नाही. वीस-पंचवीस उतारे तरी होऊ द्यावे लागतात.

शीर्षकाच्या प्रश्नालाही एक सोपी कसोटी आहे. ‘वालाची शेती’, ‘मातीची मडकी’, ‘थंडीचे दिवस’, ‘पोपटी लावण्याची रीत’ यांतले प्रत्येक नाव उताऱ्यातल्या किती ओळींना लागू पडते ते मोजायचे. मडक्यांचे नाव तीन-चार ओळींना लागते, रीतीचे सगळ्यांना. थंडीचा उतारा असूनही त्यात थंडी हा शब्दच नाही, हे मुलांना सर्वांत शेवटी दिसते.

मराठीतली एक अडचण बाजारातल्या सराव-पुस्तिकांत मी सांगितलेली पाहिली नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीचा हा प्रसंग पाहा:

‘2 फेब्रुवारी 1661 रोजी कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून उंबरखिंडीत आला. शिवाजी महाराजांनी त्याची वाट अडवली. खानाच्या सैन्यात रायबागन होत्या. त्यांनी शरण जाण्याचा सल्ला दिला. तो मानून खानाने खंडणी देऊन आपली सुटका करून घेतली.’

शरण जाण्याचा सल्ला कोणी दिला, असे विचारले की बरीच मुले ‘शिवाजी महाराजांनी’ म्हणतात. कारण ‘त्यांनी’ हे आदराचे रूप दिसले, की मुलाच्या मनात पहिले नाव महाराजांचेच येते. इथे ‘त्यांनी’ म्हणजे रायबागन यांनी. आणि ‘तो मानून’ मधला ‘तो’ माणूसच नाही, तो सल्ला आहे. आपल्या भाषेत ‘त्यांनी’ एका आदरणीय माणसासाठी येते, अनेकांसाठी येते, बाईसाठी येते आणि पुरुषासाठीही येते. ‘तो’ खानही असतो, घाटही आणि सल्लाही. तेव्हा सरावात प्रत्येक तो, ती, ते, त्याने, त्यांनी, हा, ही यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून वर नाव लिहायला लावा. आठवडाभर प्रत्येक उताऱ्यात एवढेच केलेत तरी फरक दिसेल. मला सर्वांत लवकर गुण आला तो याच सरावाला.

तशीच काही लहान लहान अव्यये आहेत. ‘शिवाय’ हा शब्द घ्या. ‘पाण्याशिवाय शेंगा शिजतात’ इथे तो वजा करतो. ‘शिवाय, ओवाही घालतात’ इथे तो भर घालतो. ‘मात्र’ आला की वाक्य वळते. ‘खेरीज’, ‘वगळता’, ‘अन्यथा’, ‘तरच’ हे शब्द मुले बोलताना फारसे वापरत नाहीत, त्यामुळे वाचतानाही त्यांवरून सरकून जातात. प्रश्नातला ‘नाही’ तर सर्वांत जास्त गुण घेऊन जातो. ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?’ असे विचारलेले असते आणि मुलाला पहिलेच बरोबर विधान दिसते, ते खूण करून मोकळे होते. अशा प्रश्नात चारही विधानांपुढे बरोबर किंवा चूक असे मनात म्हणायचे आणि मग एकटे उरलेले निवडायचे.

सन आणि आकडे असलेला उतारा आला की आणखी एक घोटाळा होतो. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र 1915 साली सुरू झाले आणि भिवपुरीचे 1922 साली. खोपोलीतून सुटलेले पाणी पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे पेज नदीत आणि पुढे उल्हासला. हे चार-पाच ओळींत लिहून विचारा, पेज नदीला पाणी देणारे केंद्र कधी सुरू झाले? मुलगा उताऱ्यात सन शोधतो, पहिला दिसतो तो 1915, आणि त्यावर खूण करतो. दोन गावे आली, दोन सन आले, की वहीच्या कडेला दोन रकाने पाडायचे. खोपोली, 1915, पाताळगंगा. भिवपुरी, 1922, पेज. सरावात पन्नास वेळा कागदावर केले की परीक्षेत ते मनात होते. असे उतारे तुम्हाला स्वतःच लिहिता येतील, आणि ते जरूर लिहा. नेरळहून माथेरानला जाणारी 1907 सालची रेल्वे, सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील, महडचा वरदविनायक, कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने भाताला दिलेली ‘कर्जत-3’सारखी नावे, असे कितीतरी आपल्या दाराशी आहे. मात्र ओळखीच्या विषयाबरोबर मुद्दाम अनोळखी उतारेही द्या. ध्रुवीय अस्वल, वाळवंट, मधमाश्या, एखादा शास्त्रज्ञ. परीक्षेत पोपटी येणार नाही.

बोलीबद्दल लिहिल्याशिवाय आपल्या भागातल्या मुलांबद्दल लिहिणे पुरे होत नाही. ठाकर आणि कातकरी वाड्यांवर, आगरी घरांत जी भाषा बोलली जाते ती पुस्तकातली नाही. ती चुकीची आहे असे मुलाला कधीही म्हणू नका. ज्या मुलाला आपल्या घरची भाषा चूक वाटते, ते वर्गात तोंड उघडत नाही आणि मग त्याला काय कळले नाही हे कोणालाच कळत नाही. त्याऐवजी दोन रकान्यांची वही करा. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. राब आणि रोपवाटिका. आवण आणि रोपे. इस्तू आणि विस्तव. पोट भरणे आणि उदरनिर्वाह. रोज तीन शब्द पुरेत. माझ्याकडच्या एका मुलीची वही दिवाळीपर्यंत भरली होती, आणि डावा रकाना तिच्या आईने सांगून भरला होता. आई शाळेत गेलेली नव्हती. पण राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत प्रत्येक कामाला तिच्याजवळ शब्द होता, आणि मुलीला उजवीकडचा शब्द पक्का लक्षात राहिला तो डावीकडच्यामुळेच.

आधी प्रश्न वाचावे की आधी उतारा, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मोठ्या मुलांना आधी प्रश्न वाचण्याचा उपयोग होत असेल. दहा वर्षांच्या मुलाने आधी उतारा पूर्ण वाचावा, असे माझे ठाम मत आहे. प्रश्न आधी वाचले की मूल उतारा वाचतच नाही, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधत फिरते आणि जिथे तो पहिल्यांदा दिसतो तिथेच थांबते. पेपर काढणाऱ्यालाही हे माहीत असते. चुकीच्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे घातलेले असतात आणि बरोबर पर्याय पुष्कळदा दुसऱ्या शब्दांत लिहिलेला असतो. ‘ओलाव्यावरच शिजतात’ याचे पर्यायात ‘वेगळे पाणी लागत नाही’ असे होते. म्हणून एकदा शांतपणे, ओठ न हलवता, पूर्ण वाचन. मग पहिला प्रश्न, त्याची ओळ, बोट, पर्याय.

वेळेचा हिशेब मुलाला पाठ असू द्या. चार उताऱ्यांना 30 मिनिटे, म्हणजे एकाला साडेसात. त्यातली दोन मिनिटे वाचनाला, पाच प्रश्नांना पाच, अर्धे मिनिट उत्तरपत्रिकेत गोल काळे करायला. परीक्षा साडेअकराला सुरू होते आणि भाषेचा भाग पुस्तिकेत शेवटी असतो. त्यामुळे एक वाजला की मूल उताऱ्यांवर आलेले असायलाच हवे. मानसिक क्षमतेच्या आकृत्यांत रमून सव्वा वाजवणारी मुले शेवटचे दोन उतारे न वाचताच खुणा करतात. सरावात मात्र पहिले दोन महिने घड्याळ लावून वेळ मोजू नका. आधी बिनचूकपणा येऊ द्या. घाई लवकर शिकवली तर मूल बोट ठेवायचे सोडते आणि अंदाजाने सोडवू लागते.

चुकलेल्या प्रश्नांसाठी वेगळी वही असावी. तिच्यात प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचे, आणि कारणे तीनच: ‘ओळ सापडली नाही’, ‘ओळ सापडली पण शब्द कळला नाही’, ‘घरचं उत्तर दिलं’. महिन्याने मोजा. तिसरे कारण जास्त असेल तर बोटाचा नियम सुटला आहे. दुसरे जास्त असेल तर शब्दांच्या वहीकडे वळा. पहिले जास्त असेल तर मूल उतारा पूर्ण वाचत नाही, किंवा ‘त्यांनी’ आणि ‘तो’ यांत हरवते आहे. नुसते ‘पाचपैकी तीन’ असे लिहून सही करणाऱ्या शिक्षकाला आणि पालकाला यातले काहीच दिसत नाही.

वाचायला काय द्यावे? बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. घरात एक मोबाईल असला तरी दिवसाला एक पान वाचता येते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शाळेच्या पेटीत असेल तर तो नक्की द्या, कारण पुढे काय होणार या ओढीने मूल लांब वाक्येही पार करते. आणि छापील मराठी घराबाहेरही पुष्कळ आहे. बियाण्याच्या पिशवीवरची माहिती, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस, रेशन दुकानाचा तक्ता, औषधाच्या बाटलीवरची सूचना. यातली कुठलीही गोष्ट वाचून मुलाने घरी येऊन सांगावी, ‘त्यात लिहिलंय की…’ पालकांनी एकच प्रश्न विचारावा, ‘कुठं लिहिलंय?’

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवे उतारे देऊ नका. चुकांच्या वहीतले जुने काढा आणि तेच पुन्हा सोडवू द्या, या वेळी मूल जवळपास सगळे बरोबर करते आणि त्याला स्वतःलाच बरे वाटते. उत्तरपत्रिकेत गोल काळे करण्याचा सराव निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने झालेला असावा, कारण एकदा काळा केलेला गोल बदलता येत नाही. एका उताऱ्याचे पाचही प्रश्न पुस्तिकेत ठरवून मग पाच गोल ओळीने भरायचे, आणि प्रत्येक वेळी प्रश्नाचा क्रमांक मनात म्हणायचा. एखादा प्रश्न अडलाच, तर नक्की चुकीचे वाटणारे दोन पर्याय खोडून उरलेल्यांतला एक निवडायचा, रिकामा गोल ठेवायचा नाही. आणि त्या दिवशी एसटीत किंवा टमटममध्ये बसल्यावर मुलाला काही विचारू नका. त्याला खिडकीशी बसू द्या. वाटेत पाट्या येतीलच, त्या त्याच्या तो वाचेल.